गुंजेपासून काचपट्टीपर्यंत

ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानच्या फौजदारी दफ्तरांत जनावरांवरील विषप्रयोगाचे जे खटले नमूद आहेत, त्यांत एका विलक्षण हत्याराचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. गुंजेच्या बिया सोलून पाण्यात भिजत घालायच्या, त्यांचा लगदा वाटून त्याच्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या अणकुचीदार सुया वळायच्या, त्या उन्हात खडखडीत वाळवून लाकडी मुठीत बसवायच्या आणि रात्रीच्या वेळी परक्याच्या गोठ्यात शिरून बैलाच्या कातडीत त्या टोचून मोडायच्या, असा तो प्रकार होता. जनावर काही दिवसांत मरे, अंगावर जखम म्हणावी अशी दिसत नसे, आणि ज्याला कातडे हवे असे त्याला ते विनासायास मिळे. सोनाराच्या ताजव्यात सोने तोलणारी ही तांबडी-काळी चिमुकली बी असले घातक काम करते तरी कशी, याचा रीतसर तपास कलकत्त्यात वॉर्डन आणि वॅडेल या दोघा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केला. आणि जंतुवादाचे वारे त्या काळी इतके जोरात असतानाही, की गुंजेच्या विषाचा दोष एका जंतूवर ठेवणारे विद्वान युरोपात निघाले होते, या दोघांनी १८८४ साली असे दाखवून दिले, की या विषाचे कर्तृत्व बियेतल्याच एका प्रथिनसदृश द्रव्याकडे आहे.

पुढे चारच वर्षांनी, रशियन साम्राज्याच्या बाल्टिक मुलखातील दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथील विद्यापीठात हेर्मान श्टिलमार्क या तरुण वैद्याने आपला प्रबंध सादर केला. त्याचे गुरू रुडोल्फ कोबेर्ट यांनी त्याला एरंडाच्या बीवर काम करण्यास सांगितले होते. एरंडेल लहान मुलांनाही पाजतात. परंतु तेल काढून मागे उरलेली पेंड विषारी असते, ही गोष्ट शेतकऱ्यांना ठाऊक होती आणि वैद्यांना तिचे कारण ठाऊक नव्हते. श्टिलमार्कने त्या पेंडीतून विष वेगळे काढले, त्याला रिसिन हे नाव दिले, आणि ते रक्तात मिसळले असता तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके बनतात, असे त्याला आढळले. विषविद्येच्या दृष्टीने हे निरीक्षण दुय्यमच होते. किंबहुना विष म्हणजे हे पुंजकेच, अशी काही काळ समजूत होऊन बसल्याने ते दिशाभूल करणारेही ठरले. परंतु वनस्पतींतील प्रथिने आणि प्राण्यांच्या पेशींवरील शर्करा यांच्या परस्परसंबंधांचा जो शोध पुढे शंभर-सव्वाशे वर्षे चालला, त्याच्या खातेवहीतील पहिली नोंद म्हणून आज याच प्रबंधाचा दाखला दिला जातो. शर्करेचे नाव मात्र त्यात कोठेही नाही.

ते नाव यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. मधल्या काळात पाउल एर्लिख यांनी बर्लिनमध्ये उंदरांना रिसिन आणि गुंजेचे विष अल्प मात्रेत देऊन प्रतिकारशक्तीचा अभ्यास केला. व्हिएन्नात कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ साली मनुष्यमात्राचे रक्त एकसारखे नसून त्याचे गट पडतात हे सिद्ध केले. आणि पुढे १९०८ साली राउबिट्शेक यांच्यासमवेत निरनिराळ्या द्विदल बियांचे अर्क निरनिराळ्या प्राण्यांच्या पेशींचे पुंजके सारख्याच जोमाने करीत नाहीत, हेही नोंदवले. बी निवड करते, हे यावरून दिसत होते; ती निवड कशाच्या आधारे करते, हे कोणी विचारले नाही. रसायनशास्त्राच्या दरबारात त्या वेळी प्रथिनांना अव्वल मान होता, आणि शर्करा म्हणजे शरीराचे सरपण, फार तर झाडाचे लाकूड किंवा खेकड्याचे कवच, एवढीच तिची प्रतिष्ठा होती.

हा प्रश्न ज्याने विचारला तो जेम्स समनर हा एक हट्टी गृहस्थ होता. सतरा वर्षांचा असताना शिकारीत झालेल्या अपघातामुळे त्याचा डावा हात कापावा लागला होता आणि तो डावखुरा होता. तेव्हा उजव्या हाताने सर्व काही नव्याने शिकून त्याने रसायनशास्त्राचा मार्ग धरला. अमेरिकेतील इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठात तो अबईच्या जातीच्या एका विलायती शेंगेतील बियांवर वर्षानुवर्षे काम करीत बसला होता. त्याच बियांतून युरिएझ हे विकर स्फटिकरूपात वेगळे करून विकरे ही प्रथिनेच असतात हे त्याने १९२६ साली दाखवले, आणि त्याबद्दल त्याला १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्वाचे काम निराळेच आहे. त्याच बियांतून त्याने १९१९ सालीच कॉन्कॅनाव्हॅलिन-ए या प्रथिनाचे स्फटिक काढले होते, आणि १९३६ साली हॉवेल यांच्यासह त्याने असे प्रसिद्ध केले, की या प्रथिनामुळे पेशींचे होणारे पुंजके उसाच्या साध्या साखरेचे द्रावण मिसळले असता होईनासे होतात. म्हणजे प्रथिनाला पकडावयाची असते ती पेशीच्या अंगावरील शर्करा. मोकळी शर्करा भरपूर मिळाली, की त्याचे हात भरून जातात आणि पेशी सुटतात. पुंजके मोडणारी शर्करा शोधा म्हणजे पुंजके करणारी शर्करा सापडेल, ही युक्ती पुढे अर्धशतकभर या शास्त्राचे मुख्य साधन होऊन राहिली.

शर्करांची ओळख पटवणे इतके अवघड का, हे येथेच सांगून ठेवलेले बरे. एकाच जातीची दोन अमिनो आम्ले जोडावयाची म्हटली, तर ती एकाच रीतीने जोडता येतात. उलट ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना जोडावयाचे म्हटले, तर कोणत्या कार्बनला कोणत्या बाजूने जोड द्यायचा यावरून अकरा वेगवेगळी संयुगे होतात; आणि साखळीला फांद्या फुटू लागल्या, निरनिराळ्या शर्करा तीत गुंफल्या गेल्या, की हा हिशेब मनुष्याच्या आटोक्याबाहेर जातो. शिवाय प्रथिनाचा मसुदा जनुकात लिहिलेला असतो, शर्करेच्या साखळीचा तसा कोठेही लिहिलेला नसतो. ती साखळी अनेक विकरे एकामागून एक, आपापल्या पाळीप्रमाणे, रचत जातात. या साखळ्यांनाच आज ग्लायकन म्हणतात.

बॉस्टनमध्ये रक्तगटांचे अभ्यासक विल्यम बॉइड यांनी १९४५ च्या सुमारास आपल्या मदतनिसाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून वाळलेल्या लिमा घेवड्याच्या बिया आणावयास पाठवले. अमुकच बिया का मागवल्या, याचे कारण त्यांना स्वतःलाही नंतर सांगता आले नाही; आणि वाटाणा किंवा राजमा आणला असता तर काहीच हाती लागले नसते. लिमा घेवड्याच्या अर्काने 'ए' गटाच्या रक्ताचे पुंजके केले, 'बी' आणि 'ओ' गटांच्या रक्ताला जवळपास स्पर्शही केला नाही. हेलसिंकीत रेंकोनेन यांनी स्वतंत्रपणे असेच निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले. मनुष्याच्या रक्तगटाची पारख एक घेवड्याची बी करू शकते, ही वार्ता पसरताच जगभरच्या रक्तपेढ्यांतील मंडळी शेकडो जातींच्या बिया कुटून त्यांचे अर्क रक्ताच्या थेंबांत मिसळू लागली.

त्या मंडळींत पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील जी. डब्ल्यू. जी. बर्ड हेही होते. त्यांनी जी बी निवडली, ती कोकणातल्या आणि घाटावरच्या कोणत्याही गरिबाच्या घरात सापडेल अशी होती: हुलगे, म्हणजेच कुळीथ. पिठल्याच्या आणि घोड्याच्या चंदीच्या या धान्याचा अर्क 'ए' गटाचे रक्त तर ओळखतोच, परंतु त्या गटाचे जे दोन पोटभेद, ए-१ आणि ए-२, त्यांतला फरकही योग्य प्रमाणात पातळ केला असता अचूक सांगतो, असे बर्ड यांना आढळून आले; १९५१ साली 'करंट सायन्स' या बंगळूरच्या नियतकालिकात आणि त्यापाठोपाठ १९५२ साली 'नेचर'मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ही चाचणी करावयास चिनी मातीची एक पांढरी फरशी, अर्काचा एक थेंब, रक्ताचा एक थेंब आणि ते दोन्ही हलकेच ढवळावयास एक काडी यांपलीकडे काहीही लागत नसे. मिनिटा-दोन मिनिटांत थेंब एकजीव तांबडा राहतो किंवा विटकरीच्या भुग्यासारखा फुटतो, आणि निकाल डोळ्यांनी दिसतो.

१९५२ हे वर्ष या इतिहासात असे आहे, की लंडन, पुणे आणि मुंबई येथील तीन वेगवेगळी कामे त्यात एकाच प्रश्नापाशी येऊन मिळाली. लंडनच्या लिस्टर संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स ही दोघे रक्तगट ठरवणारे द्रव्य कोणते, याचा माग अनेक वर्षे काढीत होती. तांबड्या पेशींवर ते द्रव्य इतके अल्प असते, की तेथून काढणे अशक्यप्राय. म्हणून मॉर्गन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या बीजांडकोषाच्या गाठींतील घट्ट द्रव जमवावयास सुरुवात केली होती, कारण एकेका गाठीत ते द्रव्य विपुल सापडे. वॉटकिन्स यांनी समनरचीच युक्ती वापरली. ईल माशाचे, म्हणजे आपल्याकडच्या वामच्या भाऊबंदाचे, रक्तजल 'ओ' गटाच्या पेशींचे पुंजके करी. त्यात त्यांनी एकेक साधी शर्करा मिसळून पाहिली, आणि पुंजके थांबवले ते फ्यूकोज नावाच्या एका शर्करेने. 'ओ' गटाच्या पेशींवर जे चिन्ह असते, ज्याला पुढे 'एच' म्हटले गेले, त्याचा निर्णायक अंश फ्यूकोज आहे, असा हा शोध होता. त्यानंतर लवकरच लिमा घेवड्याच्या अर्काला अडवणारी शर्कराही त्यांनी शोधली, आणि 'ए' व 'बी' या गटांतील भेद केवळ साखळीच्या टोकावरील एका शर्करेचा आहे हे स्पष्ट होत गेले. 'ए'च्या टोकाला एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसमाइन आणि 'बी'च्या टोकाला गॅलॅक्टोज. एका कार्बनवरील एवढ्याशा अणुसमूहाच्या फरकामुळे चुकीचे रक्त दिलेला रोगी दगावू शकतो.

याच वर्षी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांच्यासमोर तीन व्यक्तींचे असे रक्त आले, की ज्याचे वर्गीकरण कोणत्याही खात्यात बसेना. पेशींवर ना 'ए', ना 'बी'. म्हणजे तो 'ओ' गट म्हणावा, तर त्यांच्या रक्तजलाने 'ओ' गटाच्या पेशींचेही पुंजके केले. जगातील सर्वसाधारण रक्त त्यांना परके होते. नमुने लंडनला रक्तगटतज्ज्ञ रेस आणि सँगर यांच्याकडे गेले, मॉर्गन-वॉटकिन्स यांनीही ते तपासले, आणि ३ मे १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये मुंबईचे तिघे व लंडनचे चौघे अशा सात जणांच्या नावाने तो शोध प्रसिद्ध झाला. या व्यक्तींच्या पेशींवर 'एच'च नव्हते. त्याचा खरा अर्थ पुढील काही वर्षांत उलगडला: 'ए' आणि 'बी' यांच्या टोकाच्या शर्करा 'एच'च्या साखळीवरच चढवल्या जातात, तेव्हा फ्यूकोज जोडणारे विकरच नसेल, तर आईबापांकडून 'ए' किंवा 'बी'चा वारसा आलेला असूनही तो पेशीवर दिसत नाही. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाने जगाच्या वैद्यकात मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की रसायनशाळेत शर्करा मिसळून जे अनुमान काढले होते, त्याची रुजवात निसर्गाने परळच्या रुग्णशय्येवर एक शर्करा वगळून स्वतःच करून दिली.

त्यानंतरच्या तीन-चार दशकांत या ज्ञानाचा विस्तार फार झाला, परंतु रीत बदलली नाही. भुईमुगाच्या दाण्याचे प्रथिन टी-चिन्ह नावाची, एरवी झाकलेली, शर्करा ओळखते हे १९६४ साली बर्ड यांनीच दाखवले. अमेरिकेत गोल्डस्टाइन यांनी, इस्रायलमध्ये नेथन शेरॉन यांनी अशा प्रथिनांची मोठी जंत्री केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयन आणि सुरोलिया यांच्या गटाने भुईमुगाच्या प्रथिनाची त्रिमिती रचना १९९४ साली आणि फणसाच्या आठळीतील जॅकलिनची १९९६ साली उलगडली. आमच्या शेतांत आणि परसांत उगवणाऱ्या पिकांवर असे उत्तम काम दक्षिणेत व्हावे आणि मराठी मुलखात त्याची वार्ताही फारशी पोचू नये, याची थोडी खंत वाटल्यावाचून राहत नाही.

दोन गोष्टी मात्र थांबून पाहण्याजोग्या आहेत. पहिली अ‍ॅशवेल आणि मॉरेल यांची. रक्तातील एका प्रथिनाच्या शर्करासाखळीचे टोक, म्हणजे सियालिक आम्ल, काढून टाकले आणि ते प्रथिन पुन्हा प्राण्याच्या शरीरात सोडले, तर जे एरवी दिवसानुदिवस रक्तात फिरले असते, ते काही मिनिटांत नाहीसे होते, असे त्यांना १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आढळले. टोक जाताच खालचे गॅलॅक्टोज उघडे पडते आणि यकृतातील एक प्रथिन ते ओळखून त्याला ओढून घेते. वनस्पतींच्या बियांत दिसलेली शर्करा ओळखण्याची ही विद्या प्राण्यांच्या शरीरातही नित्य चालू आहे, याचा हा सर्वांत ठळक पुरावा होता. दुसरी गोष्ट वाय. सी. ली यांची. एकेकट्या शर्करेला यकृताचे ते प्रथिन फारच दुर्बलपणे धरते. पण तीच शर्करा दोन फांद्यांवर दिली तर पकड हजारपट, तीन फांद्यांवर दिली तर त्याच्याही हजारपट घट्ट होते. माळरानावरून चालताना धोतराला लागलेले एखादे कुसळ सहज झटकले जाते, परंतु शेकडो कुसळे लागली की तासभर वेचीत बसावे लागते. पेशींवरील शर्करांचा कारभार असाच गर्दीच्या बळावर चालतो.

या दुसऱ्या गोष्टीमुळेच जुनी युक्ती अपुरी पडू लागली. मोकळ्या शर्करा द्रावणात मिसळून प्रथिनाची आवड विचारणे म्हणजे प्रत्येक वेळी एकच साक्षीदार बोलावणे, तोही एकेकटा. आणि मौल्यवान शर्करेचा साठा प्रत्येक प्रश्नागणिक संपत जाई. ग्लायकन बाजारात विकत मिळत नव्हते, त्यांच्या प्रती काढण्याचे यंत्र नव्हते, ते दुधातून, अंड्यातून, डुकराच्या ऊतकातून काढावे लागत किंवा महिनोन्महिने खपून घडवावे लागत. लंडनजवळ हॅरो येथे तेन फेइझी यांनी १९८५ साली यावर एक सुंदर तोड काढली: निसर्गातून मिळालेल्या शर्करासाखळीच्या शेपटाला स्निग्ध पदार्थाचा रेणू जोडून द्यायचा, म्हणजे ती साखळी पृष्ठभागावर दाटीने चिकटून राहते आणि प्रथिनाने तिला धरले की नाही हे थेट पाहता येते. अगदी अल्प द्रव्यात काम होऊ लागले. कल्पना जागच्या जागी तयार होती. उणीव होती ती थेंब मोजून, शिस्तीने, शेकड्यांनी मांडणाऱ्या हाताची.

तो हात दुसऱ्याच खात्यातून आला. १९९५ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये काचेच्या पट्टीवर हजारो जनुकखंडांचे सूक्ष्म ठिपके यंत्राने छापण्याची पद्धत सिद्ध झाली होती, आणि तिचे छापयंत्र व ठिपक्यांची चकाकी मोजणारे स्कॅनर प्रयोगशाळांत सर्रास दिसू लागले होते. २००२ साली, जणू कोणी मुहूर्त काढून दिल्याप्रमाणे, फेइझी यांचा गट, अमेरिकेत वांग यांचा आणि हाउसमन व म्रक्सिच यांचा, कोरियात पार्क आणि शिन यांचा, अशा अनेक गटांनी शर्करांचे ठिपके छापलेल्या पट्ट्या एकाच वर्षात प्रसिद्ध केल्या. कोणी नायट्रोसेल्युलोज वापरला, कोणी सोन्याचा पातळ थर, कोणी काच. पहिला मान कोणाचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. फळ पिकले होते आणि ते सर्वांच्या अंगणात एकदमच पडले.

यातले जे रूप पुढे सर्वमान्य झाले, ते कॅलिफोर्नियातील ला होया येथे स्क्रिप्स संस्थेत जेम्स पॉलसन यांच्या देखरेखीखाली घडले. अमेरिकन सरकारच्या अनुदानावर २००१ साली 'कन्सॉर्शियम फॉर फंक्शनल ग्लायकोमिक्स' ही अनेक संस्थांची संयुक्त यंत्रणा स्थापन झाली होती. तिच्या आश्रयाने ब्लिक्स्ट आदींनी २००४ साली सुमारे दोनशे ग्लायकन छापलेली काचपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक ग्लायकनच्या शेपटाला एक अमिनो गट जोडलेला. काचेच्या पृष्ठभागावर त्या गटाशी पक्के बंधन करणारे रासायनिक आवरण. यंत्राच्या सूक्ष्म टाचण्या द्रावणात बुडून काचेवर मिलिमीटरच्या दशांशाएवढे ठिपके उमटवतात, आणि पुढच्या परिपाठाप्रमाणे प्रत्येक ग्लायकन सहा सहा वेळा छापला जातो. ज्या प्रथिनाची परीक्षा घ्यावयाची त्याला चकाकणारे रंगद्रव्य जोडून त्याचे काही थेंब काचेवर पसरायचे, तासभर झाकून ठेवायचे, धुऊन टाकायचे आणि पट्टी स्कॅनरखाली सरकवायची. काळ्या पडद्यावर जे ठिपके उजळतात, ते त्या प्रथिनाचे आप्त. सहांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून उरलेल्या चारांची सरासरी धरायची, हा त्या खात्याचा शिरस्ता. पुढे ठिपक्यांची संख्या सहाशेच्या वर गेली. या संस्थेने आणखी एक स्तुत्य गोष्ट केली: जगातील कोणत्याही संशोधकाने आपले प्रथिन पाठवावे, परीक्षा करून घ्यावी, आणि निकाल सर्वांसाठी खुला राहावा. अनुदानाच्या पैशाचा इतका सरळ हिशेब क्वचितच पाहावयास मिळतो.

पॉलसन यांना या पट्टीची घाई का होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट १९४१ साली इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने ग्रस्त कोंबडीच्या अंड्यांतील द्रव काढीत असता एक रक्तवाहिनी फुटली आणि द्रवात सांडलेल्या तांबड्या पेशींचे पुंजके झाले. विषाणूही शर्करा धरतो, हे त्या अपघातातून उघड होत गेले. ती शर्करा सियालिक आम्ल. पॉलसन यांनी विद्यार्थिदशेनंतरच्या काळात एक धीराचा प्रयोग केला होता: तांबड्या पेशींवरील सियालिक आम्ल विकराने खरवडून काढायचे, आणि मग दुसऱ्या विकरांनी ते पुन्हा, पण आपल्याला हव्या त्याच जोडाने, बसवायचे. त्यावरून १९८३ साली रॉजर्स आणि पॉलसन यांनी दाखवले, की माणसांत पसरणारे विषाणू २-६ हा जोड पसंत करतात, पक्ष्यांचे विषाणू २-३ हा जोड. दोन्हींतील आम्ल एकच, केवळ ते खालच्या गॅलॅक्टोजच्या कोणत्या कार्बनला जोडले आहे एवढाच भेद.

१९१८ ची जी साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली, जिने मुंबई बंदरातून शिरून हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, तिच्या विषाणूला कोणता जोड पसंत, हा प्रश्न काचपट्टीवर विचारणे आता शक्य झाले. अमेरिकन लष्कराच्या संग्रहात मेणात जपलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांच्या तुकड्यांतून आणि अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका देहातून त्या विषाणूचा जनुकसंच वाचला गेला होता. त्यावरून विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पुन्हा बनवून काचपट्टीवर सोडले, तेव्हा २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात असे दिसले, की दक्षिण कॅरोलिनातील सैनिकाच्या विषाणूचे प्रथिन केवळ २-६ जोडाचे ठिपके उजळवते. न्यूयॉर्कच्या विषाणूचे, ज्यात एकच अमिनो आम्ल वेगळे आहे, दोन्ही जोडांचे. आणि आणखी एक अमिनो आम्ल बदलले, की तेच प्रथिन पुन्हा पक्ष्यांचे होऊन केवळ २-३ जोड धरते. लक्षावधी माणसांची साथ आणि कोंबड्या-बदकांची साथ यांच्यातील अंतर दोन अमिनो आम्लांचे आहे, ही गोष्ट अनुमानाने नव्हे, तर उजळलेल्या ठिपक्यांच्या आकड्यांनी समोर आली. त्याच वर्षी व्हिएतनाममधील २००४ च्या बर्डफ्लूच्या विषाणूचे प्रथिनही तपासले गेले. ते अद्याप पक्ष्यांच्या जोडालाच धरून होते.

परंतु काचपट्टीची साक्ष अंतिम मानू नये, हेही लवकरच कळले. २००९ साली जो नवा इन्फ्लुएन्झा आला, आणि ज्याचा हिंदुस्थानातील पहिला बळी त्या वर्षीच्या ऑगस्टात पुण्यात गेला, त्याचे केवळ प्रथिन एका अमेरिकन प्रयोगशाळेने पट्टीवर तपासले तेव्हा ते २-६ जोडाला, तोही दुबळेपणाने, धरताना दिसले. फेइझी यांच्या गटाने संपूर्ण विषाणू आपल्या पट्टीवर सोडला, तेव्हा त्याने २-३ जोडाचे काही ठिपकेही उजळवले. ठिपक्यांची दाटी किती, शर्करेचे शेपूट किती लांब, प्रथिन सुटे की विषाणूच्या अंगावर गर्दीने बसलेले, यावर निकाल बदलतो. जिवंत पेशीवर तीच शर्करा कोणत्या शेजारात उभी असते, हे काचेला सांगता येत नाही. हे यंत्राचे वैगुण्य म्हणून धिक्कारणारे जसे चुकतात, तसेच प्रत्येक उजळलेल्या ठिपक्याला शरीरातील सत्य समजणारेही चुकतात.

तिकडे रक्तपेढ्यांचा कारभार काचपट्टीवाचूनच चालला आहे. 'ए' गटाचा रक्तदाता ए-१ आहे की ए-२, हे ठरवावयाचे असले, तर आजही हुलग्याच्या अर्काचा थेंब वापरला जातो. बर्ड यांच्या चाचणीला सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही तिची जागा घेणारे अधिक स्वस्त साधन पुढे आलेले नाही.